रुंद टायर

धाकट्या भावाला, नासिबला, बिदियाच्या वाळूच्या टेकडीवर हरवायचंच म्हणून खल्फानने गाडीला रुंद टायर लावले. कमी ऑफसेटच्या रिम घेऊन चाकं मडगार्डच्या पत्र्याबाहेर काढली. “वळताना घासतील,” टायरवाला म्हणाला, तर त्यालाच झापलं. नासिबची फजिती बघायला आईलाही बळेच मागच्या सीटवर बसवलं.

अर्ध्या चढावर स्टिअरिंग पूर्ण वळवताच टायर पत्र्याला घासून फाटला आणि गाडी रुतली. आईला आत ठेवून खल्फान उतरला आणि चाकांखालची वाळू उपसू लागला. खालून नासिब गाडी घेऊन वर आला. इतकी वर्षं अबोला धरलेला भाऊ धावून आलेला पाहून खल्फान हात पसरून पुढे झाला.

नासिबने आईला हात देऊन आपल्या गाडीत बसवलं आणि गाडी वळवली.

“अरे, ओढायला दोर नाही आणलास?”

आईने काच खाली केली. “आणत होता तो. मीच फोन करून नको म्हटलं.”