पांढऱ्या पायाचा माणूस

चंद्रशेखरची निळी गाडी तळ्याकडे वळली, तसा उल्हासही वळला. पाठलाग करताना किती अंतर ठेवायचं, हे त्याला आता बऱ्यापैकी जमायला लागलं होतं.

ईडन प्रेरीतले रस्ते सुनसान होते. सत्त्याऐंशी सालच्या बेसबॉल फायनलची सातवी आणि शेवटची मॅच तिकडे मिनिआपोलिसच्या स्टेडियममध्ये चालू होती आणि झाडून सगळे लोक टीव्हीसमोर होते. उल्हासच्या गाडीतला रेडिओ मात्र बंद होता.

“रेडिओ लावून ड्राइव्ह करू नका हं. मॅचच्या नादात कुठेतरी ठोकाल,” असं कांचनने निघताना बजावलं होतं. वर थर्मासमध्ये चहा आणि फॉइलमध्ये गुंडाळलेले पोळीचे रोल दिले होते. अशी बायको मिळायला भाग्य लागतं, असं उल्हासला मनापासून वाटलं.

ट्विन्स या तिथल्या बेसबॉल टीमवर त्याचा फार जीव होता. अमेरिकेत नवा नवा आला तेव्हा ऑफिसात त्याच्याशी कुणी धड बोलत नसे. बेसबॉल कळायला लागलं आणि लोक त्याच्या टेबलापाशी थांबू लागले. तेव्हापासून ही टीम त्याच्या घरचीच झाली. आणि घरच्या टीमने अजून एकदाही फायनल जिंकली नव्हती.

मॅच बघायला सगळे मित्र त्याच्या बेसमेंटमध्ये जमत. टीव्ही त्याचा, सोफा त्याचा, नियमही त्याचेच. मॅच चालू असताना बसल्या जागेवरून हलायचं नाही, हा पहिला नियम. क्रिकेटला जे लागू, ते बेसबॉलला का नाही? त्यांच्यातल्या दिगंबरने एकदा नव्या टीव्हीचा रंग हिरवट दिसतो म्हटलं, तर उल्हास दोन महिने त्याच्याशी बोलला नव्हता.

सीझनच्या शेवटी टीम ओळीने हरायला लागली. तेव्हा कांचनच सहज म्हणाली, “चंद्रशेखरभाऊजी खाली आले की हरतो का हो आपण?”

उल्हासच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चंद्रशेखर पांढऱ्या पायाचा! आणि गंमत म्हणजे चंद्रशेखरने ते लगेच मान्य केलं.

“असेल बाबा. मी येत नाही. मॅचच्या वेळी गाडी घेऊन फिरत बसेन.”

इथेच उल्हासला संशय आला. भूल देणारा डॉक्टर, विज्ञानाच्या गप्पा मारणारा माणूस, तो इतक्या सहज कबूल होतो? नक्कीच कुठेतरी चोरून मॅच बघणार.

“शंका येतेय तर मागे जाऊन बघा ना,” कांचन म्हणाली.

“राइट यार, कुणीतरी वॉच ठेवायलाच हवा,” दिगंबर म्हणाला. “आणि तुझ्याएवढं सीरियस कोण आहे?”

फायनलच्या पहिल्या दोन मॅचेसना उल्हास त्याच्या मागे मागे फिरला. ट्विन्स जिंकले. पुढच्या तीन मॅचेस समोरच्या टीमच्या गावी, सेंट लुईसला होत्या. तेव्हा नेमका चंद्रशेखर हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर होता, म्हणून उल्हास निवांत सोफ्यावर बसला. ट्विन्स तिन्ही हरले. हॉस्पिटलमध्ये काय टीव्ही नसतात? बघितल्या असणार पठ्ठ्याने! सहाव्या मॅचला उल्हास पुन्हा गाडीत बसला आणि ट्विन्स पुन्हा जिंकले. आता आणखी पुरावा काय हवा?

आज सापडला, तर इतक्या वर्षांची दोस्ती संपली. त्याने तसं कांचनला सांगितलंही होतं. ती नुसतं “हं” म्हणाली होती.

निळी गाडी तळ्याला दोन चकरा मारून एका पिझ्झाच्या दुकानासमोर थांबली. चंद्रशेखर उतरला. त्याने एकदा मागे वळून बघितलं, केस सारखे केले आणि आत जाऊन बसला. काचेतून टीव्हीची फक्त पाठ दिसत होती. चंद्रशेखरचं तोंड बरोबर टीव्हीकडे होतं.

उल्हासच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत घुसून त्याची गचांडी धरावी, असं वाटलं. पण मॅच चालू होती आणि नियम म्हणजे नियम. तो स्टिअरिंग आवळून बसून राहिला. चहा गार झाला. आपली टीम याच्यामुळे हरणार, या विचाराने त्याला अगदी रडू यायचं बाकी राहिलं.

आणि एकदम आतली सगळी माणसं उठून उभी राहिली. ट्विन्सच्या चाहत्यांचे ते पांढरे रुमाल हवेत फिरायला लागले. रस्त्यावर कुठून कुठून हॉर्न वाजू लागले.

जिंकले?

उल्हास धावतच आत शिरला. “तू मॅच बघत होतास!”

“हो,” चंद्रशेखर शांतपणे म्हणाला. “बस. पिझ्झा घे.”

“आधीच्या?”

“त्या ऐकल्या, गाडीतल्या रेडिओवर. सेंट लुईसच्या मात्र नाही. ऑपरेशनं होती.”

“मग… तू बघितल्यास, ऐकल्यास त्याच जिंकलो? हे कसं काय?”

चंद्रशेखरने पिझ्झाचा भलामोठा घास तोंडात कोंबला. तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. “इज देअर अ शेखर हिअर?” असं ओरडत तिथल्या माणसाने रिसीव्हर पुढे केला. म्हणजे याचा फोनही इथे येतो! चंद्रशेखर उठायच्या आत उल्हासने झडप घालून तो कानाला लावला.

पलीकडे प्रचंड आरडाओरडा चालला होता. दिगंबर नाचत असावा. त्या गोंधळातून कांचनचा आवाज आला.

“भाऊजी, जिंकलो! थकलात ना यांना फिरवून फिरवून? आता घेऊन या यांना घरी, टीव्हीसमोर बसले तरी काही बिघडत नाही.”