कमरेवरची लव

"डायस्टेमॅटोमायलिया." डॉक्टरांनी कागदावर एक रेघ ओढली आणि मधेच तिच्या दोन केल्या. "मुलीच्या कण्यात जन्मतःच हाडाचा काटा आहे. त्याने मज्जारज्जू दुभंगलाय, म्हणून ती पाय ओढते. जन्मली तेव्हा कमरेवर केसांचा झुपका होता का?"

"छे! पाठ स्वच्छ होती," हेमांगीचा नवरा म्हणाला.

हेमांगीला बाळंतपणाचे दिवस आठवले. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या रखमाबाई लव निघावी म्हणून कमरेवर बेसनाचा गोळा फिरवून फिरवून दमल्या होत्या. "ताई, ही लव साधी नाही. डॉक्टरला दाखवा," त्या म्हणाल्याही होत्या. हेमांगीने मात्र बारशाला बायकांना दिसू नये म्हणून गुपचूप रेझर फिरवला होता.

मांडीवरच्या तीन वर्षांच्या लेकीचा पाय तिने मुठीत घट्ट धरला.

"झुपका आहे," ती म्हणाली. "अजून दर रविवारी मीच काढते."