तापीवरची रेघ

कुंदननं लाल काइट आईच्या हातात दिला. अंगाहून दुप्पट मोठ्या त्या पतंगामागं सिंधुबाई पार झाकून गेली. खाली तिची फक्त पावलं दिसत होती.

"मी हात वर करसू तव्हय सोड. ढकलू नको. नुसता सोडी दे."

"आनी मी बी उडी गऊ ते?" पतंगामागून आवाज आला.

कुंदन हसला. दोऱ्या उलगडत तो पाण्याकडे गेला. प्रकाशा गावाजवळ तापीला वळण आहे, त्यामुळं पश्चिमेचा वारा तिथं नदीवर आडवा येतो. बॅरेजमुळं भर मे महिन्यातही पाणी तुंबलेलं. त्यानं पाय फळीत अडकवले, दंडावर बांधलेल्या पिशवीतला फोन चालू केला. आता तो जाईल तिथली रेघ फोनच्या नकाशावर उमटणार होती.

सकाळी केळीला पाणी देताना रिबेकाचा मेसेज आला होता. रिबेका नवापूरकडची. दक्षिणेतल्या समुद्रावरच्या ज्या शाळेत कुंदन काइटसर्फिंग शिकवायचा, तिथंच तीही शिकवत होती. वडील गेल्यावर कुंदन गावी आला तो परत गेलाच नाही. ती मात्र रोज संध्याकाळी आपली रेघ पाठवायची. रेघ पाहून त्याला तिथला वारा कळायचा, लाटा कळायच्या, ती कुठं पडली तेही कळायचं. आज तिनं लिहिलं होतं, 'शाळेच्या यादीत तुझी जुनी रेघ अजून सगळ्यांच्या वर आहे. काल मी तिच्या अगदी जवळ आले होते. पावसानंतर इथं शिकवायला एक माणूस घेणार आहेत. येतोस का?'

त्यानं हात वर केला. सिंधुबाईनं सोडला. पतंग डोक्यावर उभा राहिला, दोऱ्या ताणल्या आणि कुंदन पाण्यावरून सुटला.

किती दिवसांनी! फळीखाली पाणी चरचर कापलं जात होतं. अंगाला सगळं आठवत होतं. गुडघे किती वाकवायचे, खांदे कुठं टाकायचे. काठावरचा ऊस मागं पळाला. तो आणखी कलला, आणखी वेग घेतला आणि तेवढ्यात पूल आला. वळावं लागलं. परत येताना बॅरेजची भिंत आली. पुन्हा वळावं लागलं. असं किती वेळ चाललं होतं कुणास ठाऊक.

मग वारा एकदम पडला. पतंग कोसळला, पाण्यावर चेपून पसरला. कुंदनही पडला. नाकातोंडात पाणी गेलं. वर येऊन तो तसाच उताणा तरंगत राहिला. डोळे मिटले, ओठांवरून जीभ फिरवली. मीठ लागलं नाही.

वारा परत येईपर्यंत त्यानं डोळे उघडले नाहीत.

तो काठाला लागला तेव्हा सिंधुबाई तिथंच होती. टॉवेल घेऊन बाभळीखाली बसली होती. लुगडं पोटऱ्यांपर्यंत चिंब भिजलेलं.

"भिजनी कशी तू?"

"तोंड धोयं." तिला धाप लागली होती.

"थकी गयी का?"

"उन्ह किती शे! मी ते आठेच व्हतू."

तिच्याकडून टॉवेल घेऊन अंग पुसत तो तिच्याशेजारी बसला. फोन काढून त्यानं जुनी रेघ आणि आजची रेघ शेजारी शेजारी लावली. अॅपनं लगेच दोन्हींचा हिशेब मांडला. आजचा वेग निम्मा. उडी नाहीच. समुद्रातली रेघ लांब, निळी, किनाऱ्यापासून सुटून खोल आत गेलेली. आजची तांबडी, दोन्ही टोकांना गुंडाळलेली, मध्ये एक गाठ.

सिंधुबाई वाकून बघू लागली. "हाई लांब कोठली शे?"

"समुद्रनी."

"आनी हाई?"

"आजनी. आठली."

"इतलीशी?"

"आठे वळनं पडस, माय. पूल येस. तठे मन भरस तवलोंग जाता येस."

सिंधुबाई बराच वेळ निळ्या रेघेकडं बघत राहिली. तिनं त्या रेघेवर बोट ठेवलं, तर चित्र सरकलं आणि रेघ पडद्याबाहेर गेली. तिनं दचकून बोट काढलं.

"कुंदन, मंग जाय ना."

त्यानं रेघ ओढून परत पडद्यावर आणली.

"मी काय तुले धरी ठेयेल शे? वावर बटाईनं दी टाकू. शेजारले फुलवंताबाई शे. तू जाय."

असं म्हणून ती उठली, त्याच्या हातातला ओला टॉवेल घेतला आणि पिळत बसली. टॉवेलातलं पाणी संपलं तरी पिळतच राहिली.

"पतंगमा हवा भराना पंप वर ऱ्हायी गया," कुंदन म्हणाला. "मी तो लई येस."

तो काठाकाठानं निघाला. पाणी ओसरलेल्या जागी मऊ गाळ होता. त्या गाळात अनवाणी पावलं उमटली होती, बायकी, अंगठ्याकडं जास्त रुतलेली. पावलं पुलाकडं गेली होती. पुलाच्या अलीकडे वळली होती. परत बॅरेजकडं गेली होती, तिथंही वळली होती. जाणाऱ्या पावलांवर येणारी पावलं पडली होती, त्यांच्यावर पुन्हा जाणारी. काही ठिकाणी टाचा टेकल्याच नव्हत्या. तिथं ती पळाली होती.

कुंदन त्यांच्या कडेकडेनं चालत राहिला.

नदीच्या मध्यावर जिथं पतंग कोसळला होता, त्याच्या बरोबर समोर पावलं काठ सोडून सरळ पाण्यात उतरली होती.

सिंधुबाईला पोहता येत नव्हतं.