चार नंबरचा दिवा

"मुनवरभाई, चार नंबरचा कागद काढा म्हणलं की!" विरेश खुर्च्यांच्या रांगेतूनच ओरडला.

"कवाच काढलाय, अण्णा." शिडीच्या टोकावरून मुनवरभाईंनी काढलेला पिवळा कागद हलवून दाखवला.

"मग पिवळं कुठनं यायलंय?"

दुपारचे तीन वाजले होते. धाराशिवला एकांकिका स्पर्धा चालू होती आणि भूमच्या संघाला दिवे लावून बघायला एकच तास मिळाला होता. आधीच्या संघाचे रंगीत जिलेटिनचे कागद दिव्यांपुढं तसेच राहिले होते. ते उतरवण्यातच निम्मा तास गेला. पाचला प्रयोग.

रंगमंचाच्या मधोमध विरेशची बायको महादेवी उभी होती. नाटकात तिचं काम नव्हतं. नटमंडळी तोंडाला रंग लावत बसतात, तोवर दिवेवाल्याला त्यांच्या जागी उभं करायला कुणीतरी माणूस लागतं. बावीस वर्षं ते माणूस महादेवी होती. राणी म्हणून, वेडी म्हणून, एकदा तर मिशीवाला फौजदार म्हणूनही ती उजेडात उभी राहिली होती. पडदा उघडायच्या आत खाली उतरायची आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसायची. टाळ्या दुसऱ्यांना.

भूमला विरेशचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं, पण जीव सगळा दिव्यांत. त्याचा पिवळा उजेड आसपासच्या नाटकवाल्यांत नावाजलेला. त्या उजेडात साधं पत्र्याचं घरही राजवाडा वाटायचं. गेल्या वर्षी मात्र एका परीक्षकानं माइकवरून सगळ्यांदेखत सांगितलं, "तुमची सकाळसुद्धा संध्याकाळ वाटते." सभागृह हसलं. ते हसणं विरेशला वर्षभर पचलं नाही. यंदा त्यानं दिग्दर्शकाच्या मागं लागून सकाळचंच नाटक घ्यायला लावलं. पडदा उघडतो, एक बाई नवऱ्याचं धुतलेलं धोतर झटकून दोरीवर टाकते. त्यावर उजेड हवा तो खडूसारखा पांढरा. पिवळ्याचा ठिपका दिसला तर नाव बदलीन, असं तो सगळ्यांना सांगत सुटला होता.

आणि महादेवीच्या तोंडावर पिवळंच येत होतं.

"जरा बसू का वो?" तिनं विचारलं.

"दहा मिनिटं थांब. तू बसलीस तर दिवा काय खुर्चीवर मारू?"

ती थांबली. पंधरा दिवस तिला अन्न गोड लागत नव्हतं. फोडणीच्या वासानं पोटात ढवळायचं. विरेशनं निदान करून टाकलं होतं, पित्त. "नाटक तुमचं आणि भूक हिची मेली," असं म्हणून त्यानं तालमीत सगळ्यांना हसवलंही होतं. आज भूमहून येताना ती एसटीच्या खिडकीला डोकं टेकून धाराशिव येईपर्यंत झोपली होती. विरेशला तेही बरंच वाटलं. दिव्यांचा आराखडा निवांत बघता आला.

"व्होल्टेज पडलं असंल," तो म्हणाला. दाब कमी झाला की दिवा पिवळा पडतो, हे त्याला पाठ होतं. मुनवरभाई शिडीवरून उतरले, मीटर लावून बघितलं. "दोनशे तीस. फस्क्लास हाय."

"मग चार बंद करा, सहा लावा."

सहा नंबर लागला. पिवळंच. आता विरेशचं डोकं फिरलं. पंधरा मिनिटं उरली होती. उद्या निकालाच्या वेळी तोच माइक, तेच हसणं. त्यानं शेवटचा उपाय काढला. दिव्याचा खरा रंग कळायचा तर त्यापुढं पांढरा कपडा धरायचा.

"ते धोतर घे गं. दोन्ही हातांनी पसरून धर. तोंडापुढं."

महादेवीनं धोतर उचललं आणि पसरून धरलं. विरेश तीन-तीन खुर्च्या ओलांडत रंगमंचावर चढला. धोतर पांढरं होतं. पांढरंशुभ्र. पिवळ्याचा मागमूस नाही.

"मिळाला! मुनवरभाई, मिळाला पांढरा! हलवू नका आता दिवा!"

आणि मग त्याला धोतराच्या काठावर धरलेली तिची बोटं दिसली.

ती पिवळी होती. नखंसुद्धा. त्यानं धोतर खाली ओढलं. त्या स्वच्छ उजेडात तिचा चेहरा हळद लावल्यासारखा दिसत होता. डोळ्यांतलं पांढरं कुठं उरलंच नव्हतं. विरेश हादरला. बावीस वर्षं तो या तोंडावर उजेड पाडत होता आणि तोंड आज बघत होता.

"अण्णा, हाच दिवा पक्का करू न्हवं?" मुनवरभाईंनी खालून विचारलं.

"रिक्षा बोलवा," विरेश म्हणाला. "सरकारी दवाखान्यात जायचंय."

"आन् नाटक?"

"मरू दे नाटक! रिक्षा आणा आधी!"

मुनवरभाई पळाले. महादेवी अजून तशीच उभी होती, खडूनं आखलेल्या खुणेवर, पाऊलही न हलवता. विरेशनं तिचा दंड धरला. तो त्याला हाताला लागला एवढासा.

"कवापासनं हाय हे? बोलली का न्हाईस?"

महादेवीनं धोतराची घडी घातली.

"मागल्या सोमवारी दुकानात आले होते की. म्हणलं, माझे डोळे पिवळे दिसायलेत, बघा जरा. तुम्ही मान वर केली न्हाय. म्हणलात, दिव्याचा रंग हाय."