माझ्या प्लेटमधलं वर्तुळ

प्रयोगशाळेत तुलनेसाठी निरोगी माणसाच्या शौचाचा नमुना लागतो. तो आपणहून कोण आणून देणार? म्हणून आम्ही आमचाच देतो. आमच्या आतड्यांतले जंतू काचेच्या प्लेटमध्ये वाढतात आणि झाकणावर आमची नावं असतात.

त्यात रोगाचा जंतू सोडला की हे घरचे जंतू मागे सरतात. मध्ये मोकळं वर्तुळ पडतं.

सोमवारी सरांच्या प्लेटमध्ये वर्तुळ दिसलं. तिच्यात कुणी काहीच सोडलं नव्हतं. दुपारी सरांचा फोन आला, "पोट बिघडलंय गं, आज काही येत नाही."

मग काचसामान धुणाऱ्या मावशींच्या प्लेटमध्ये वर्तुळ पडलं. संध्याकाळी त्यांनी अंथरूण धरलं.

आज माझ्या प्लेटमध्ये वर्तुळ आहे, आणि माझं पोट तर ठणठणीत आहे.

"म्हणजे प्लेटच खोटारडी," मी हसत म्हटलं.

बरे होऊन आलेले सर हसले नाहीत. "बाळाच्या पोटात पहिले जंतू येतात ते आईचेच ना?"

माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. प्लेट हातात धरूनच मी घरी फोन लावला.

"अगं, मजेत आहे ती," सासूबाई म्हणाल्या. "खुळखुळा वाजवतेय. हे घे, तूच ऐक."

खुळखुळा खरंच वाजत होता. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात वर्तुळ माझ्या डोळ्यांदेखत पसरत काठाला टेकलं.

खुळखुळा थांबला.