चपलांची रांग

आमच्या गावच्या दवाखान्यात दर सोमवारी बीपी-साखरेवाले पहाटेच रांगेत आपापल्या चपला ठेवतात आणि काजूच्या झाडाखाली आडवे होतात. डॉक्टर पहिले चाळीसच बघतात. अप्पलनायडूचा डोळा लागला, की मी हळूच त्याच्या चपला पार शेवटी सरकवायचो. मग त्याची ती शोधाशोध, त्या शिव्या! आमची हसून मुरकुंडी वळायची.

आज विशाखापट्टणमहून एक पोरगी कागद घेऊन आली. कुणाला कसला जुना आजार, औषधं कशानं सुटली, असं एकेकाला विचारत होती.

"माझी कसली सुटतायत पोरी, बायको गोळीबरोबर चार शिव्याही देते," मी मिशीला पीळ देत म्हणालो. सगळे खिदळले.

मग तिनं नायडूच्या बायकोला, संन्यासम्माला विचारलं.

"चार सोमवार नंबरच लागला नाही, बाई. चिडून गोळ्याच सोडल्या त्यांनी. परवा अर्धं अंग गेलं, वाचाही गेली. आता नुसतं चपलांकडं बोट दाखवतात आणि मिशीला पीळ दिल्यासारखं करतात. काय म्हणायचंय, कळतच नाही."



माझा हात अजून मिशीवरच होता, आणि संन्यासम्मा त्याच्याकडंच बघत होती.