पिकअपचं तेल

"अजून आत सरक. नट दिसला?"

"दिसला."

"तो नव्हे, तो इंजिनाचा. त्याच्या मागे चपट्या ट्रेसारखं काहीतरी दिसतंय बघ. त्याच्या बुडाला."

मुलगी पिकअपखाली पाठीवर आणखी सरकली. वडील बाजूला स्टुलावर बसून सांगत होते. डॉक्टरांनी त्यांना वाकायलासुद्धा मनाई केली होती. पण गाडी गॅरेजात पाठवायची म्हटलं की त्यांना तो गाडीचा अपमान वाटे.

चाकांना पुढून-मागून विटा लावल्या होत्या. तेल कोमट असलं की पटकन उतरतं, म्हणून इंजिन जरा फिरवून बंद केलं होतं. तिनं पाना लावून नट सैल केला. गिअरबॉक्सचं काळपट तेल धारेनं घमेल्यात पडायला लागलं.

"वास घे."

"जरा करपल्यासारखा येतोय."

"हं. उशीरच झाला. यापुढे लक्ष ठेवायचं, मास्तरीणबाई. पुस्तकं वाचून गिअर पडत नाहीत."

त्यांचं हृदय दमलं होतं. डॉक्टरांनी काय सांगितलं ते घरात प्रत्येकाला ठाऊक होतं आणि कुणी उच्चारत नव्हतं. मुलगी रजा टाकून आली होती ती एवढ्यासाठीच, की वडिलांना एकदा स्पष्ट सांगावं, मागची काळजी करू नका. पण ते सांगायचं म्हणजे ते जाणार हे कबूल करायचं. रोज ते वाक्य ओठांपर्यंत येई आणि त्याचं "औषध घेतलंत?" होऊन जाई.

"आईला गाडी चालवता येते," वडील एकदम म्हणाले. "तेलपाणी नाही जमत. तू शिकून ठेव."

त्या विषयाच्या ते एवढेच जवळ आले. तेव्हा सांगता आलं असतं. तिनं विचारलं, "नट कितपत आवळायचा?"

"बेतानं. राग काढू नकोस त्याच्यावर."

वडिलांच्या डाव्या गुडघ्यामुळे गाडी बिनक्लचची घेतली होती. ते आजारी पडल्यापासून फर्निचरवाल्याचा माल आईच पोचवत होती. पदराला हात पुसत ती बाहेर आली.

"झालं का बाळंतपण?"

"होतंय. तू वर बस. गिअरचा दांडा फिरवायचाय."

"ओरडू नका म्हणजे झालं. सकाळपासून दाढ ठणकतेय माझी." गालाला हात लावून ती चढली. पायरीवर क्षणभर थांबली.

"दातवाल्याला दाखव की," नट आवळून बाहेर आलेली मुलगी बॉनेटखालून म्हणाली.

"दाखवीन गं. आधी ह्यांची तपासणी होऊ दे."

घमेल्यात जेवढं उतरलं तेवढंच नवं तेल मोजून घ्यायचं. डिपस्टिकची, म्हणजे तेल मोजायची पट्टी काढून तिच्या नळीत लांब नरसाळं खोचून मुलीनं ते सावकाश ओतलं. नवं तेल लालभडक, आरपार दिसणारं होतं. मग इंजिन सुरू झालं.

"ब्रेक दाबून धर," वडील ओरडले. "रिव्हर्स. थांब. न्यूट्रल. अगं, ढवळतेयस काय! प्रत्येक घरात जरा थांबायचं."

"तुमच्या घरात थांबलेय तेवढं पुरे नाही का?"

वडील हसले आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली. मुलगी पट्टी तशीच टाकून पाणी घेऊन धावली. त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. सगळं शांत झाल्यावर तिच्या लक्षात आलं, आई अजून ब्रेक दाबून बसली होती. सोड असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मुलीनं पट्टी पुसली, परत घातली, काढली. तेल दोन खुणांच्या मधोमध होतं.

"थंड असताना ठीक आहे," वडील म्हणाले. "चांगली तापेपर्यंत चालली की पुन्हा बघायचं. इंजिन चालू ठेवून. विसरू नकोस."

इंजिन बंद झालं तरी आई उतरली नाही. "बसू दे जरा. इथं बरं वाटतंय," ती म्हणाली. मुलगी हात धुवायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा घरातलं एक माणूस कमी झालं होतं. झोपेतच हृदय थांबलं. हाक नाही, धावपळ नाही. भेटायला येणारे म्हणाले, हाल झाले नाहीत हे भाग्यच. मुलगी मान हलवत राहिली. तिला एकच गोष्ट खुपत होती. बोलायला वेळ होता तेव्हा ती हाताचं तेल धूत होती.

पाहुणे पांगले. दोन ताटं लागायला लागली. फर्निचरवाल्याचा माल अडून राहिला होता, तेव्हा एका सकाळी मुलगीच एक खेप करून आली. गाडी चांगली तापली होती. तिनं ती सपाट जागी लावली, चाकांना विटा लावल्या आणि बॉनेट वर केलं. बॉनेटच्या आड चालकाची जागा दिसेनाशी झाली.

"ब्रेक," ती म्हणाली. मागच्या भिंतीवर लाल उजेड पडला.

"रिव्हर्स."

दांडा सरकला, थांबला.

"न्यूट्रल. ड्राइव्ह. आता पार्क."

प्रत्येक ठिकाणी तो नीट थांबत गेला. आज कुणी ओरडत नव्हतं, कुणी उलटून बोलत नव्हतं. तिनं पट्टी काढली, पुसली, पुन्हा घालून बाहेर काढली. तेल वरच्या खुणेला टेकलं होतं.

"बरोबर आहे का गं?" आतून विचारणा झाली.

"बरोबर आहे, बाबा," ती म्हणाली. मग पट्टी हातात तशीच धरून, इंजिनाच्या घरघरीवर आवाज चढवून, त्यांनाही ऐकू जाईल अशा बेतानं ती बोलली, "आई, मागची काळजी करू नकोस. बाबांना मी सांभाळीन."